एन्सखेडेच्या मुली

नेदरलँड्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या हद्दीला लागून ट्वेंटे नावाचा प्रदेश आहे. कापडगिरण्यांवर तो वाढला आणि गिरण्या बंद पडल्यावर बरीच वर्षं चाचपडला. एन्सखेडे, हेंगेलो, अल्मेलो ही त्यातली गावं. राजधानीतल्या झगमगाटापासून इथले लोक दूर, पण फुटबॉलचं वेड मात्र जबरदस्त. १९६५ साली एन्सखेडेतले दोन क्लब एकत्र येऊन एफसी ट्वेंटे स्थापन झाला. डच महिला फुटबॉलची गोष्ट सांगायची तर मी ती अॅमस्टरडॅमपासून नव्हे, या आडबाजूच्या शहरापासून सांगेन.

सुरुवात मात्र नकारांनी होते. १८९६ साली रॉटरडॅमच्या स्पार्टा क्लबला इंग्लंडच्या महिला संघाशी सामना खेळायचा होता, तो राष्ट्रीय संघटनेने होऊ दिला नाही. १९५५ साली तर संघटनेने आपल्या क्लबांना बजावलं की बायकांना मैदान द्यायचं नाही. बायका थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी डच महिलांचा संघ जर्मनीत एसेनला जाऊन जर्मन महिलांशी खेळला आणि १-२ ने हरला. अधिकृत दरवाजा उघडायला १९७१ उजाडलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये फ्रान्सविरुद्ध झालेला सामना आज महिलांचा पहिला मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय सामना मानला जातो. डच संघ तो ०-४ ने हरला.

देशातल्या मुलींना अव्वल दर्जाची स्वतंत्र लीग मिळायला आणखी ३६ वर्षं जावी लागली. २००७ साली सहा संघांनिशी एरेडिव्हिजी महिला लीग सुरू झाली : एडीओ डेन हाग, एझेड, ट्वेंटे, उत्रेख्त, हेरेनवेन आणि विलेम टू. सगळे संघ पुरुषांच्या व्यावसायिक क्लबांनी उभे केलेले. क्लबचं नाव, जर्सी, मैदान, डॉक्टर हे सगळं मुलींना आयतं मिळालं, ही या रचनेची ताकद. पण पुरुषांच्या संघाचे पैसे आटले की पहिली कात्री मुलींवर, हीही त्याच रचनेची देणगी.

ती कात्री लवकरच चालली. पहिले तीन हंगाम ओळीने जिंकलेल्या एझेडने २०११ साली आपला महिला संघच गुंडाळला. तीन वेळची विजेती टीम, आणि एका निर्णयासरशी ती नाहीशी! विलेम टूनेही त्याच वर्षी हात आखडता घेतला. २०१४ साली उत्रेख्तचा संघ बंद पडला. ज्या मुलींनी आपल्या क्लबसाठी ट्रॉफी उंचावली, त्यांना दुसऱ्या गावात जागा शोधत फिरावं लागलं. एका मुलीच्या कारकिर्दीत अशी वर्षं किती असतात? ती वाया गेली तर भरून काढता येत नाहीत, म्हणूनच मला हा विषय खेळाच्या पलीकडचा वाटतो.

ट्वेंटेचा संघ त्या सहांपैकी टिकून राहिला. २०११ साली एझेडची सद्दी मोडून त्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी डेन हागने बाजी मारली. तिथल्या प्रशिक्षक होत्या सरीना वीगमन, ज्यांचं नाव पुढे जगभर गाजलं. मग लीग बेल्जियमबरोबर संयुक्त झाली. २०१२ ते २०१५ चाललेल्या त्या लीगचे पहिले दोन्ही हंगाम ट्वेंटेचे. २०१५ च्या शरद ऋतूत चॅम्पियन्स लीगमध्ये समोर जर्मन विजेता बायर्न म्युनिक आला. घरी १-१, म्युनिकमध्ये २-२, आणि परक्या मैदानावरच्या जास्त गोलांवर ट्वेंटे पुढे सरकला. पुढच्या फेरीत बार्सिलोनाने रोखलं, पण एन्सखेडेच्या मुलींनी बायर्नला घरी पाठवलं ते पाठवलंच.

क्लबची खरी परीक्षा मात्र हिशेबाच्या वहीत होती. २०१५-१६ मध्ये ट्वेंटे कर्जात बुडाला होता आणि खेळाडूंच्या हक्कांबाबत बाहेरच्या गुंतवणूकदारांशी केलेल्या व्यवहारांमुळे संघटनेच्या चौकशीत अडकला होता. पुरुषांचा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जाण्याच्या बेतात होता, अपिलात तो वाचला. त्याच हंगामात महिलांनी विजेतेपद मिळवलं. २०१८ साली पुरुषांचा संघ मैदानावरच घसरून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये गेला. इतर क्लबांचा धडा पाहता महिला संघ बंद करायला याहून सोयीचं निमित्त मिळालं नसतं. इथे तो बंद झाला नाही. २०१९ साली पुरुषांनी खालची लीग जिंकून वर पाय ठेवला आणि महिला अव्वल लीगच्या विजेत्या झाल्या.

या सगळ्याच्या मधोमध ६ ऑगस्ट २०१७ हा दिवस येतो. महिला युरो स्पर्धेचा नेदरलँड्स-डेन्मार्क अंतिम सामना ट्वेंटेच्याच मैदानावर होता, २८ हजारांहून अधिक प्रेक्षक आणि सगळीकडे नारिंगी रंग. डेन्मार्कने सहाव्या मिनिटाला पेनल्टीवर आघाडी घेतली. चारच मिनिटांत व्हिव्हियाने मिडेमाने बरोबरी साधली. पुढे २-१, मग २-२. मध्यंतरानंतर शेरिडा स्पिट्सेने फ्री किक घेतली आणि चेंडू भिंतीला चुकवत जमिनीलगत जाळ्यात गेला. ८९ व्या मिनिटाला पुन्हा मिडेमा, ४-२. मिडेमा आणि स्पिट्से दोघी हेरेनवेनमध्ये घडल्या, स्पिट्से ट्वेंटेकडूनही खेळली. बचावात होती जवळच्याच अल्मेलोची आनूक डेकर, तीही ट्वेंटेची माजी खेळाडू. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या लीगचं फळ बघायला लोकांना दूर जावं लागलं नाही.

त्या यशाने मोठे क्लब जागे झाले. आयॅक्स आणि पीएसव्ही २०१२ मध्येच उतरले होते, फेयेनूर्ड २०२१ मध्ये आलं, उत्रेख्तही परतलं. आता पैसा आणि स्पर्धा दोन्ही वाढली आहे, आणि तरीही २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदं ट्वेंटेकडेच गेली. गुणी मुली दरवर्षी इंग्लंड-जर्मनीकडे जातात, त्यांच्या जागी नव्या उभ्या राहतात. ओल्डनझालची जिल रोर्ड त्यातलीच. सोळाव्या वर्षी इथे आली, २०१७ ला बायर्नकडे गेली, मग आर्सेनल, वोल्फ्सबुर्ग, मँचेस्टर सिटी. २०२५ च्या उन्हाळ्यात तिने पुन्हा ट्वेंटेशी करार केला, तेव्हा ती अवघी २८ वर्षांची होती.