३२२ मीटर खाली, साडेबारा कोटी वर्षं मागे
बेर्निसार हे बेल्जियममधलं, फ्रान्सच्या सीमेलगतचं खाणकामगारांचं गाव. १८७८ साली तिथल्या सेंट-बार्ब खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, कोळशाचा थर अचानक तुटला आणि समोर चिकणमाती लागली. मातीत सोन्याने भरलेली खोडं आहेत, असं कामगारांना वाटलं म्हणे. चमकत होतं ते पायराइट, आणि खोडं म्हणजे इग्वानोडॉन या डायनोसॉरची हाडं!

एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं धरा. हे प्राणी आपल्यापासून १२५ मीटरवर येतात. त्यांच्या शेजारचा कोळसा तीनशे मीटरच्याही पलीकडे. आपली मानवजात शेवटच्या तीस सेंटिमीटरांत मावते, आणि १८७८ पासूनचा काळ मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या भागात. मग एवढ्या अंतरावरचे दोघे शेजारी आले कसे? खोलवरचा खडक पाण्याने विरघळला, वरचा भाग खचला आणि तळ्याकाठचा गाळ हाडांसकट त्या विवरात उतरत गेला.

जीवाश्मांसाठी कुणी शास्त्रज्ञ ३२२ मीटर खणत गेला नसता. कोळशाने ती वाट करून दिली, म्हणून मला जीवाश्म पाहणं आणि खाणी पाहणं ही दोन पर्यटनं वेगळी वाटतच नाहीत. भूकंप झाला, खाणीत पाणी शिरलं, तरी तीन वर्षांत तीसच्या आसपास प्राणी वर आले: प्लास्टरमध्ये बांधलेले ६०० ठोकळे, वजन सुमारे १३० टन. तोवर इग्वानोडॉनच्या अंगठ्याचा काटा नाकावरचं शिंग समजला जाई. जीवाश्मशास्त्रज्ञ लुई डोलो यांनी अख्खे सांगाडे अभ्यासून तो हाताला लावला. १८८२ साली ब्रसेल्समध्ये पहिला सांगाडा उभा राहिला.

आज जाणाऱ्याने सुरुवात ब्रसेल्सच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून करावी. काही सांगाडे उभे आहेत, काही सापडले तसे आडवे. मग बेर्निसारचं छोटं संग्रहालय. तिथून ग्रां-ओर्नू, १८१० नंतर उभारलेली, कामगारांच्या घरांसह आखलेली खाणवसाहत.

मार्सिनेलची बुआ द्यु काझिए ही खाण मात्र चुकवू नये. ग्रां-ओर्नूप्रमाणे तीही २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ८ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे आग लागून २६२ माणसं गेली. त्यांतले १३६ इटालियन होते. आगीच्या दहा वर्षं आधी झालेल्या करारात इटलीने माणसं द्यायची आणि बेल्जियमने कोळसा, असं ठरलं होतं.