खडीची वाट : रास अल खैमाच्या शिवारातून सायकलवर

रास अल खैमाचे नाव आपल्या मंडळींच्या बोलण्यात येते ते बहुधा जबल जैसमुळे. थंडीच्या दिवसांत शनिवारी पहाटेपासून दुबई-शारजाकडच्या मोटारींची रांग त्या घाटाला लागते आणि तिच्या कडेकडेने सायकलस्वारही चढत असतात. २०१९ पासून 'यूएई टूर' या व्यावसायिक शर्यतीचा एक टप्पा बहुतेक वर्षी याच डोंगरावर संपतो. त्यामुळे या अमिरातीत सायकल म्हणजे जबल जैस, असे समीकरण होऊन बसले आहे. घाट देखणा आहे, डांबरही उत्तम आहे. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन जाण्याची ती जागा नव्हे. या लेखात सांगायचे आहे ते त्याच पर्वताच्या पायथ्याच्या सपाटीविषयी, जिथे मोटारी फारशा फिरकत नाहीत.

हजर पर्वतातून उतरणाऱ्या वाद्यांनी, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रांनी, हजारो वर्षे वाहून आणलेले दगडगोटे डोंगर आणि तांबड्या वाळूच्या टेकड्या यांच्यामध्ये पसरले आहेत. या खडीच्या थराखाली पाणी होते, म्हणून अमिरातीची शेती इथे वाढली. दिगदागा येथे ब्रिटिशांच्या पुढाकाराने १९५५ साली कृषी प्रयोग केंद्र उभे राहिले. त्याच पट्ट्यात हमरानिया आहे, आणि डोंगराला टेकून खत्त. कोकणात ज्यांना उन्हाळे म्हणतात तसे गरम पाण्याचे झरे आणि त्यांभोवतीच्या खजुराच्या बागा ही खत्तची ओळख. पुढे विहिरींचा उपसा वाढला, पाणी खोल गेले, खारावले, आणि काही बागा वाळून गेल्या. आज या भागातून जाताना एका हाताला हिरवे शेत आणि दुसऱ्या हाताला शेंडे गळालेल्या खजुरांची रांग, असे दृश्य दिसते.

या शेतांमधून जाणाऱ्या वाटांना आपल्याकडचा नेमका शब्द आहे : पाणंद. विदर्भातले वाचक पांदण म्हणतील. दोन्ही बाजूंना कुंपण किंवा झाडांची ओळ, मधे एका वाहनापुरती खडी आणि मुरूम, चाकोऱ्यांमध्ये किंचित वाळू. चढ जवळजवळ नाहीच. डाव्या-उजव्या हाताला गाफची झाडे भेटतात. गाफ हा या देशाचा राष्ट्रीय वृक्ष. आपल्याकडची शमी ती हीच. सिद्रची झाडे बोरीच्या कुळातली आणि समर बाभळीच्या. म्हणजे परदेशातल्या या वाळवंटी शिवारात मराठवाड्याच्या माणसाला एकाही झाडाची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही. बाभळीच्या काट्याची तर मुळीच नाही.

अशा वाटांवर रुंद टायरच्या सायकलींनी फिरण्याला हल्ली जगभर 'ग्रॅव्हल सायकलिंग' म्हणतात. युरोपात त्याची सवय जुनी आहे. उत्तर जर्मनीत श्लेसविग-होलस्टाइनपासून ल्युनेबुर्गच्या माळापर्यंत शेतवाटांचे जाळे पसरले आहे. पुष्कळ ठिकाणी वाटेच्या तोंडाशी लाल कडेची गोल पाटी असते. तिच्यावर मोटार आणि मोटारसायकल यांचे चित्र, आणि खाली शेतीच्या वाहनांना मुभा असल्याची नोंद. ट्रॅक्टर जाईल, सायकल जाईल, मोटार नाही. त्याच माळावरच्या विल्झेडे या खेड्यात तर पाहुण्याने पायी, सायकलने किंवा घोडागाडीनेच यायचे असते. तिथली मोटारमुक्ती नियमाने आलेली आहे. हमरानियात अशी पाटी नाही. मोटारवाले महामार्ग सोडून इकडे वळत नाहीत, एवढाच इथला नियम. अधूनमधून चाऱ्याची पिकअप येते. तिला बाजू द्यावी, धूळ खाली बसू द्यावी आणि पुढे निघावे.

मात्र इथे आपण एकटेच सायकलस्वार नसतो, आणि मला या वाटांविषयी लिहावेसे वाटले त्याचे खरे कारण हे आहे. सकाळी सहाच्या सुमारास समोरून पोलादी सायकली येतात. मागच्या कॅरिअरला हिरव्या चाऱ्याचा भारा, क्वचित गॅसचे सिलिंडर; हँडलला पाण्याची बाटली दोरीने बांधलेली. स्वार बहुधा बांगलादेशातला, पाकिस्तानातला किंवा आपल्याच देशातला शेतमजूर. त्याच्या आणि माझ्या सायकलीच्या किमतीत त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचे अंतर असते. त्याच्यासाठी ही वाट कामाची आहे, माझ्यासाठी सुटीची. या भेटीत अवघडलेपण आहे. ते मुलांपासून लपवू नये असे मला वाटते. सलाम-नमस्कार करावा, नाव विचारावे, वाट आधी त्याला द्यावी. भार त्याच्या सायकलीवर आहे.

आपल्या घरांत खडी या शब्दालाही जुना इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जागोजागी खडी केंद्रे उघडली गेली. माझी आजी त्यांपैकी एका केंद्रावर हातोडी घेऊन बसत असे. फोडलेल्या खडीचे माप ब्रासने घेतले जाई, खायला सुकडी आणि मिलो. त्या खडीवर पुढे रस्ते झाले. परंतु त्या रस्त्यांवरून कोणी कसे जायचे हे गाव ठरवीत असे. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचे 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' हे पुस्तक २००६ साली आले. अकरा राज्यांतल्या ५६५ खेड्यांच्या त्या पाहणीत सवर्णांच्या वस्तीतून सायकलवर बसून जाण्यास दलितांना असलेल्या मनाईचीही नोंद आहे. म्हणून १९८३ मध्ये कांशीराम यांच्या डीएस-फोरने सायकलवरून गावोगाव प्रचार केला, तेव्हा सायकल हे केवळ स्वस्त वाहन नव्हते. ग्रामीण निसर्गाच्या शांततेची वर्णने वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात थोडी शंका उठते. तिचे मूळ इथे आहे.

रास अल खैमा हा तर खडीचाच प्रांत आहे. इथल्या खाणींतला चुनखडक आणि इतर दगड सक्र बंदरातून आखातातल्या अन्य देशांना जातो. खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अवजड ट्रक अखंड धावतात. सायकल घेऊन त्या बाजूला चुकूनही जाऊ नये.

उत्तरेला रम्सजवळ धाया येथे खजुराच्या बागांमधून अरुंद गल्ल्या जातात आणि अचानक एका उंच सुळक्यावर किल्ला दिसतो. सायकल खाली लावून पायऱ्या चढाव्यात. डिसेंबर १८१९ मध्ये मुंबईहून आलेल्या ब्रिटिश मोहिमेने आधी रास अल खैमा घेतले आणि मग हा किल्ला. सेनापती विल्यम ग्रँट कीर. सैन्यात गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई इलाख्याचे देशी शिपाईही होते. त्या काळच्या मुंबई लष्करात महार शिपायांची संख्या मोठी होती, आणि भीमा कोरेगावच्या लढाईला तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. कोरेगावची पलटण या मोहिमेत नव्हती, लष्कर मात्र तेच होते. किल्ल्यावर उभे राहून हे मुलांना सांगताना मी अभिमानाचा सूर लावत नाही. इथल्या माणसांसाठी तो पराभवाचा दिवस आहे. परंतु या किनाऱ्याशी आपले नाते व्हिसाच्या काळापासूनचे नसून दोनशे वर्षांचे आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

ज्यांना थोडी दमछाक हवी त्यांच्यासाठी शौका. शहरापासून दक्षिणेला मोटारीने तासाभराच्या अंतरावर, धरणाच्या परिसरात पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आखलेल्या वाटा आहेत. उत्तरेचा चुनखडक इथे संपतो. हा दगड काळपट तपकिरी, पृथ्वीच्या कवचाखालून समुद्रतळासह वर ढकललेला. वाट डोंगराच्या अंगावरून वळणे घेते, काही ठिकाणी उतरून सायकल हाताने न्यावी लागते. लहान मुलांना धरणाभोवतीचा सोपा भाग पुरे. मोबाईलचे नेटवर्क दऱ्यांमध्ये जाते, म्हणून एकट्याने जाऊ नये.

आता व्यवहाराचे. टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असावेत आणि हवा डांबरी रस्त्यापेक्षा बरीच कमी. बाभळीचे काटे असल्याने आत सीलंट घातलेले ट्यूबलेस टायर उत्तम. साधी ट्यूब असेल तर दोन जादा ट्यूब जवळ ठेवाव्यात. हेल्मेट सर्वांना, मागे बसणाऱ्या लहानग्यालाही. खत्तच्या बाजूला मोटार उभी करून शेतवाटांनी पंधरा किलोमीटरची फेरी करावी. मुले तयार असतील तर ती वाढवता येते. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. ते संपले तर मशिदींच्या आणि कित्येक घरांच्या भिंतीबाहेर थंड पाण्याची सबील असते. नळ उघडावा आणि प्यावे, कोण-कुठला हे कोणी विचारीत नाही. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत मुलांना सांगायला इतकी सोयीची जागा दुसरी नसेल. पावसाचा इशारा असेल त्या दिवशी वादीच्या पात्रात उतरू नये. आभाळ आपल्या डोक्यावर निरभ्र असले तरी डोंगरात पडलेले पाणी काही मिनिटांत खाली येते. शेतांची कुंपणे ओलांडू नयेत, आणि काम करणाऱ्यांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. मजुरांच्या बहुतेक सायकलींना मागे दिवा नसतो, आणि पहाटे-संध्याकाळी त्यांना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. चिमटा लावून बसवता येणारे लाल दिवे काही दिरहमांत मिळतात. दोन-चार खिशात ठेवावेत आणि ओळख झालेल्याला द्यावेत, बसवूनही द्यावेत. यासाठी गटात वर्गणी मात्र काढू नका. या देशात परवान्याशिवाय निधी गोळा करणे गुन्हा आहे. ज्याने त्याने आपल्या खिशातून करावे.

हंगाम नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत. फेब्रुवारीपासून सिद्रची बोरे पिकू लागतात. कुंपणाबाहेर पडलेली उचलायला हरकत नसते. मार्च संपता संपता नऊ वाजताच खडी तापते, तेव्हा सूर्योदयाला निघून आठच्या आत खत्तला परतावे.