अनेक हातांतून फिरणारा मराठी दस्तऐवज आणि त्याचे स्वरूप

भिवंडीतील टेमघरसारख्या परिसरातील गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त सचिव संगणकावर टंकतात, अध्यक्ष मोबाइलवर दुरुस्त करतात आणि लेखापरीक्षक तिसऱ्याच यंत्रावर वाचतात, तेव्हा फाइलचे स्वरूप, म्हणजे मजकूर साठवण्याची ठरलेली पद्धत, निवडण्याआधी अक्षरांचे संकेतन तपासणे अत्यावश्यक ठरते. जुन्या मराठी फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर ‘सभा’च्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात आणि फाइलमध्ये हा शब्द शोधूनही सापडत नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, जसा ‘स’चा 0938, म्हणून मराठीसाठी युनिकोडला पर्याय नाही.

संपादन चालू असेपर्यंत ओडीटी किंवा डॉकएक्स हे फाइल-स्वरूप वापरावे, कारण दोन्हींत कोणी काय बदलले याची नोंद ठेवणारी ट्रॅक चेंजेसची सोय टिकते. ओडीटी ज्या ओडीएफ कुटुंबातले आहे त्याला 2006 मध्ये, तर डॉकएक्सच्या ओओएक्सएमएलला 2008 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाचा दर्जा मिळाला. सभासद वेगवेगळे सॉफ्टवेअर वापरत असतील तर ओडीटी अधिक न्याय्य, कारण ते कोणालाही विनामूल्य लिब्रेऑफिसमध्ये उघडता येते. पीडीएफ पानाची मांडणी गोठवते, त्यामुळे ते मंजूर झालेल्या अंतिम प्रतीसाठीच राखावे.

देखभाल शुल्काची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुरात, द्यायची असल्यास जतन करताना ‘यूटीएफ-8’ हा युनिकोडचा पर्याय निवडावा. अन्यथा एक्सेलमध्ये सभासदांच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हे दिसू शकतात.