आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध

आमवात हा सांध्यांचा विकार म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचे मूळ केवळ सांध्यांत नसते. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते आणि सांध्यांच्या आतील अस्तराला सूज येते. ती दीर्घकाळ टिकली की कूर्चा व हाडे झिजू लागतात, बोटे वाकडी होतात. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे कमी होते, झीज मात्र थांबत नाही. ही झीज रोखणाऱ्या औषधांमध्ये मेथोट्रेक्सेट हे बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी योजले जाते. औषध जुने, स्वस्त आणि गुणकारी आहे. परंतु वेष्टनातील पत्रकावर कर्करोगाचा उल्लेख वाचून अनेक रुग्ण धास्तावतात.

हा उल्लेख चुकीचा नाही. त्यामागे एक इतिहास आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक अम्ल या नावाने ओळखले गेले. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाने हे अम्ल कृत्रिम रीतीने तयार केले आणि त्याच्याशी मिळतीजुळती, पण त्याचे कार्य अडविणारी द्रव्येही बनविली. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अशा एका द्रव्याने रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांचा रोग काही काळ आटोक्यात येतो असे प्रसिद्ध केले. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले. १९५१ मध्ये हे कूळ आमवातावर प्रथम योजले गेले. तथापि अमेरिकेत या रोगासाठी मेथोट्रेक्सेटला अधिकृत मान्यता मिळावयास १९८८ साल उजाडले. कर्करोगात ते फार मोठ्या मात्रेत दिले जाते. आमवातात आठवड्याला साधारणतः ७.५ ते २५ मिलिग्रॅम एवढेच पुरते.

औषधाचे बहुतेक दुष्परिणाम या इतिहासातूनच उलगडतात. ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांना फॉलिक अम्लाची गरज सर्वाधिक असते. तोंडाचे व आतड्याचे अस्तर, केसांची मुळे आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा या त्या जागा होत. म्हणून तोंड येते, मळमळते, जुलाब होतात, केस थोडे विरळ होतात. गोळी घेतल्यानंतर एक-दोन दिवस गळून गेल्यासारखे वाटते, अशीही पुष्कळांची तक्रार असते. यांवरचा उपाय सोपा आहे. डॉक्टर मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक अम्लाची गोळीही लिहून देतात; ती बहुधा वेगळ्या दिवशी घ्यावयाची असते. तिने त्रास कमी होतो आणि गुण फारसा कमी होत नाही, कारण लहान मात्रेत हे औषध सूज कमी करते ते प्रामुख्याने निराळ्या मार्गाने, असे मानले जाते.

खरी अडचण कालक्रमाची आहे. मळमळ पहिल्याच आठवड्यात जाणवते, तर सांध्यांना आराम पडावयास सहा ते बारा आठवडे लागतात. या मधल्या काळात औषध सोडून देण्याचा मोह स्वाभाविक आहे. तसेच, प्रत्येक तक्रार औषधामुळेच असते असेही नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हृदयविकार जडलेल्या पण आमवात नसलेल्या सुमारे ४,८०० व्यक्तींपैकी निम्म्यांना हे औषध व निम्म्यांना निर्गुण गोळी देण्यात आली होती. कोणता ना कोणता त्रास झालेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ८७ टक्के होते. निर्गुण गोळी घेणाऱ्यांतही ते ८१.५ टक्के होते.

मात्र काही परिणाम शरीराच्या आत, गाजावाजा न करता घडतात. यकृताला सूज येऊ शकते. मद्यपानाने हा धोका वाढतो. रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे ती दुर्बल असल्यास किंवा जुलाबाने शरीरातील पाणी कमी झाल्यास ते साचू लागते. या कारणास्तव आरंभी काही आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे साधारणतः दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. बरे वाटत असताना तपासणीचा खर्च कशाला, हा विचार समजण्यासारखा असला तरी घातक आहे. कोरडा खोकला, ताप व धाप एकदम सुरू झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. क्वचित फुप्फुसांनाच सूज येते. गर्भाला हे औषध अपाय करते, म्हणून गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ते आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावयास हवे. लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास दिले जाणारे कोट्रायमोक्साझोलही फॉलिक अम्लाच्या कार्यात अडथळा आणते. दोन्ही एकत्र आल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत.

तरीही सर्वांत दुःखद अनर्थ औषधाच्या गुणधर्मामुळे नव्हे, तर वाचण्यातील चुकीमुळे घडतात. गोळी म्हणजे रोज घ्यावयाची, हा संस्कार मनात इतका रुजलेला असतो की आठवड्याची मात्रा रोज घेतली जाते. कधी चिठ्ठी अस्पष्ट असते, कधी दुकानदार सवयीने 'रोज एक' असे सांगतो, तर कधी फॉलिक अम्लाची गोळी आणि ही गोळी यांची अदलाबदल होते, कारण दोन्ही पुष्कळदा लहान व पिवळसर असतात. काही दिवसांत तोंडात व्रण पडतात. मग रक्तातील पेशी झपाट्याने कमी होतात, रक्तस्राव होतो, साधा जंतुसंसर्गही आवरत नाही. जगात ठिकठिकाणी यामुळे माणसे दगावली आहेत. २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने वेष्टनांवर ठळक सूचना छापण्याची शिफारस केली, ती याच कारणास्तव. अशी चूक लक्षात येताच, त्रास जाणवत नसला तरी, रुग्णालयात जावे. फोलिनिक अम्ल हा त्यावरचा उतारा आहे. घरातील फॉलिक अम्लाची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

चिठ्ठीवर वाराचे नाव अक्षरात लिहून घेणे, हा बिनखर्चाचा उपाय होय. उपवासाचा वार लक्षात राहतो खरा, पण रिकाम्या पोटी मळमळ वाढू शकते; त्यापेक्षा आठवडी बाजाराचा वार बरा. ठरलेला वार चुकला तर दोन दिवसांच्या आत गोळी घेता येते. त्याहून उशीर झाल्यास त्या आठवड्याची मात्रा सोडून द्यावी आणि पुढच्या वारी नेहमीचीच मात्रा घ्यावी, दुप्पट नव्हे.