गेज जुळले नाही तर? : संगणकांच्या जोडणीची गोष्ट

एप्रिल २०१६ मधला लातूरचा पाणीटंचाईचा उन्हाळा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी ११ तारखेला निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. या टाक्या मूळच्या इथल्या नव्हत्या. त्या राजस्थानातील कोट्याच्या कारखान्यात धुऊन-पुसून मिरजेला आणल्या होत्या.

त्या बातम्यांत एक गोष्ट कोणी फारशी सांगितली नाही. हीच आपत्ती वीस वर्षे आधी आली असती, तर कोट्याची टाकी लातूरला जाऊच शकली नसती. मिरज-कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाईट रेल्वेची लाईन. तिचे रूळ अडीच फूट अंतराचे, म्हणजे नॅरोगेज. ती १८९७ साली सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. ब्रॉडगेजचे रूळ त्याच्या दुपटीहून जास्त रुंद, साडेपाच फूट. कुर्डुवाडीला मालाचे पोते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. नांदेडकडे मीटरगेज होती आणि तिथल्या मालाचे असेच हाल मनमाडला होत. पोती हमाल उचलतील, पण पाणी कसे उचलणार? विसाव्या शतकाच्या शेवटच्या आणि या शतकाच्या पहिल्या दशकात या लाईनी टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाल्या, म्हणून ती गाडी सरळ लातूरपर्यंत आली.

रेल्वेची ही आठवण संगणकाच्या लेखात कशासाठी, असे तुम्ही विचाराल. संगणकाच्या आतही रूळ असतात, त्यांचेही गेज असते आणि गेज कोणते ठेवायचे यावर तिथेही मोठी भांडणे झालेली आहेत. त्यातले एक भांडण १९९९ सालचे आहे.

तेव्हाच्या सर्व्हरची रचना अशी असे. प्रोसेसर आणि स्मृती एका बाजूला. डिस्क, नेटवर्क वगैरे दुसऱ्या बाजूला. मध्ये 'पीसीआय' नावाची बस. बस म्हणजे समांतर तारांचा एक पट्टा. बत्तीस तारांवरून एकाच वेळी बत्तीस बिट जात, सेकंदाला सुमारे ३.३ कोटी वेळा. गुणाकार केला की सेकंदाला १३३ मेगाबाइट. आकडा मोठा वाटतो, पण या पट्ट्यावर बसलेली सगळी कार्डे मिळून एवढा वेग. एक बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचे. एकच फळा आणि एकच खडू असलेला वर्ग डोळ्यांसमोर आणा.

मग तारा वाढवा, ठोके वाढवा! तसे केलेही. पण समांतर तारांना एक जन्मजात दुखणे आहे. तारेतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण वीस सेंटिमीटर जातो, आणि सगळ्या तारा तंतोतंत सारख्या कधीच नसतात. त्यामुळे एकत्र निघालेले बत्तीस बिट थोडे मागेपुढे पोहोचतात. दोन ठोक्यांमध्ये तीस नॅनोसेकंद असतील तर हे खपते. ठोके चौपट केले की अंतर साडेसात नॅनोसेकंदांवर येते आणि मागचा बिट पुढच्या रांगेत घुसू लागतो. मैदानावर बत्तीस मुलांना हात धरून धावायला सांगा. हळू धावतील तोवर रांग सरळ राहते, जोरात धावली की मोडते. पीसीआयची पुढची आवृत्ती सेकंदाला १३.३ कोटी ठोक्यांवर नेली, तेव्हा एका बसवर एकच कार्ड चालवण्याची वेळ आली. मग ती बस कसली?

उपाय सर्वांना दिसत होता. हात सोडून द्यायचे आणि एकेका तारजोडीवरून बिट एकामागून एक, पण फार वेगाने पाठवायचे. सर्वांची मिळून एक बस ठेवण्याऐवजी मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसारखा स्विच बसवायचा, म्हणजे अनेक जोड्या एकाच वेळी बोलू शकतील. उपायाबद्दल दुमत नव्हते. दुमत होते ते कोणाचा उपाय घ्यायचा याबद्दल. इंटेलच्या बाजूने 'नेक्स्ट जनरेशन आय-ओ' आले. कॉम्पॅक, एचपी आणि आयबीएमने 'फ्यूचर आय-ओ' पुढे केले. एकाच गावाला दोन गेज!

डिस्कवर माहिती साठवण्याची यंत्रे करणाऱ्या कंपन्यांचा जीव इथेच टांगणीला लागला. त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. सर्व्हर बनवणारा आपल्या पेटीत काहीही बसवू शकतो. डिस्कचे कपाट बनवणाऱ्याला मात्र प्रत्येकाच्या पेटीला आपली तार जोडावी लागते. जगात दोन गेज झाली की त्याला दोन प्रकारचे डबे बांधावे लागणार, दोन्हींची चाचणी घ्यावी लागणार आणि त्यातले एक गेज पाच वर्षांनी मेले तर तो माल भंगारात. फ्यूचर आय-ओच्या पाठीराख्यांत अडॅप्टेक ही कंपनी होती. डिस्क जोडण्याची 'स्कझी' कार्डे हा तिचा मुख्य धंदा, आणि ती कार्डे पीसीआयच्या खाचेत बसत. खाचच बदलणार असेल तर ती कशी असावी हे ठरताना खोलीत आपण असलेले बरे, एवढा हिशोब कोणीही करील. उद्योगमानकांच्या मागे उभे राहणाऱ्यांचा हेतू परोपकाराचा असतो असे मला वाटत नाही, आणि तो तसा असायची गरजही नाही.

त्यांना लोभही होता. स्कझीच्या केबलची लांबी मीटरांत मोजण्याइतकीच, आणि रुंद प्रकारात एका केबलवर जास्तीत जास्त पंधरा साधने. एका सर्व्हरच्या पोटात अडकलेली डिस्क दुसऱ्या सर्व्हरला हवी असेल, तर पहिल्याला मध्यस्थ व्हावे लागे. डिस्कचे कपाटच स्विचला जोडले, तर कोणताही सर्व्हर त्यापर्यंत जाऊ शकेल. 'फायबर चॅनेल' नावाच्या जोडणीने हे काम तेव्हा सुरू केलेच होते, पण तिथेही सर्व्हरच्या आत शेवटी पीसीआयची चिंचोळी गल्ली होतीच.

ऑगस्ट १९९९ मध्ये दोन्ही गटांनी समेट केला. नव्या मानकाचे नाव ठरले 'इन्फिनिबँड' आणि त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००० मध्ये आली. एका जोडणीवर सेकंदाला २५० कोटी बिट. त्यात प्रत्येक आठ बिटांमागे दोन बिट संकेत शुद्ध ठेवण्यासाठी खर्च होतात, म्हणजे हाती येतात २०० कोटी बिट, अर्थात २५० मेगाबाइट, आणि तेही प्रत्येक दिशेला. अशा चार किंवा बारा जोडण्या एकत्र बांधता येत. यात आणखी एक सोय होती. एक संगणक दुसऱ्याच्या स्मृतीत थेट लिहू शकतो. दुसऱ्याच्या प्रोसेसरला हातातले काम सोडून उठावे लागत नाही. शेजारच्या मुलाला हाक मारून "लिहून घे" म्हणण्याऐवजी आपणच त्याच्या वहीत, त्याने आधी आखून दिलेल्या चौकटीत आकडा लिहून टाकावा, तसे.

पुढे जे झाले ते बैठकीत ठरल्याप्रमाणे झाले नाही. २००२ मध्ये इंटेलने इन्फिनिबँडच्या स्वतःच्या चिपा बनवण्याचा बेत सोडला. मायक्रोसॉफ्टनेही अंग काढून घेतले. पीसीआयची जागा पीसीआय एक्स्प्रेसने घेतली. गंमत पाहा, तिच्या पहिल्या आवृत्तीतही प्रत्येक जोडणीचा वेग तोच, सेकंदाला २५० कोटी बिट. साठवणीच्या बहुतेक कंपन्या फायबर चॅनेलवरच राहिल्या. ज्यांच्यासाठी मांडव घातला ते वऱ्हाडच आले नाही!

आणि तरीही इन्फिनिबँड जगले. ते महासंगणकांत जगले, आणि इथे कथा महाराष्ट्रात येते.

१९८० च्या दशकात भारताला हवा तेवढ्या ताकदीचा महासंगणक अमेरिकेने दिला नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात 'ट्रान्सप्युटर' हे ब्रिटिश प्रोसेसर होते. त्यांचा विशेष असा की प्रत्येकाला शेजाऱ्याशी बोलण्यासाठी चार जोडण्या जन्मतःच होत्या, प्रत्येकी सेकंदाला दोन कोटी बिटांच्या. पुढच्या परमसाठी सी-डॅकने 'परमनेट' ही स्वतःची जोडणी घडवली. पण २००७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच 'एका' या टाटांच्या महासंगणकाने जगात चौथा क्रमांक मिळवला, ११७.९ टेराफ्लॉप वेगाने. त्याच्या आत इन्फिनिबँड होते. आणि २०१३ च्या 'परम युवा-२' मध्ये खुद्द सी-डॅकनेही इन्फिनिबँडच घेतले. स्वतःचे गेज घडवण्याची ताकद असलेल्या संस्थेने बाजारातले गेज घ्यावे, याची मला थोडी हळहळ वाटते. ज्ञान घरात राहायला हवे होते. पण तेव्हाचा हिशोब मांडून पाहिला, तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

महासंगणकाला जोडणीची एवढी काय निकड? हवामानाचे उदाहरण घेऊ. अंदाज करताना पृथ्वी चौकटींत विभागतात आणि प्रत्येक चौकटीतले तापमान, दाब, बाष्प, वारा यांचे गणित करतात. लातूर जिल्हा सुमारे ७१५० चौरस किलोमीटर. चौकट बारा किलोमीटरची असेल तर जिल्ह्यात सुमारे ५० चौकटी, सहा किलोमीटरची असेल तर सुमारे २००. औशात पाऊस आणि निलंग्यात ऊन, हे पहिल्या नकाशात फारसे उमटत नाही. दुसऱ्यात उमटण्याची थोडी तरी शक्यता. सोयाबीन कधी पेरायचे हे ठरवणाऱ्याला हा फरक कळतो. मात्र चौकटी चौपट झाल्या की काळाची पावलेही निम्मी करावी लागतात, म्हणून काम आठपट होते.

मग प्रोसेसर वाढवावेत, हे ओघाने आले. पण प्रत्येक पावलाला प्रत्येक चौकटीला शेजारच्या चौकटींचे आकडे लागतात. एका प्रोसेसरकडे आठ गुणिले आठ अशा ६४ चौकटी दिल्या, तर कडेच्या २८. म्हणजे शंभरातल्या ४४ चौकटींसाठी शेजारच्या प्रोसेसरकडे विचारणा. काम वाटून प्रत्येकाकडे चार गुणिले चार अशा १६ ठेवल्या, तर कडेच्या १२. म्हणजे शंभरात ७५. मदतनीस वाढवत गेलो की काम कमी आणि बोलणे जास्त, हा सभा-समित्यांचा अनुभव इथेही येतो! हे निरोप लहान असतात, पण असंख्य. इथे केवळ पन्नास टाक्यांची गाडी असून भागत नाही. पहिला थेंब किती लवकर पोहोचला हेही महत्त्वाचे. पाणीगाडी एका खेपेत पंचवीस लाख लिटर आणते, पण तहानलेल्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. घरातली घागर वीस लिटरचीच, पण हाताशी असते. साध्या नेटवर्कवर निरोपाला कित्येक मायक्रोसेकंद लागत असताना इन्फिनिबँडला मोजकेच लागत. ते जगले यामुळे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली आलेल्या 'प्रत्युष' मध्ये क्रे कंपनीची खास तिची जोडणी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे 'अर्का' आला: ११.७७ पेटाफ्लॉप आणि ३३ पेटाबाइट साठवण. त्यावर चालणारी सहा किलोमीटर चौकटींची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती.

साठवणीच्या आकड्याकडे नीट पाहा. गणित करून भागत नाही, ते वेळेत लिहून ठेवावे लागते आणि दहा वर्षांनी वाचताही यावे लागते. आमच्याकडे एकदा पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी असलेले डिस्कचे कपाट शाबूत होते, पण ते ज्या खाचेला जोडायचे ती खाच असलेला सर्व्हर निकामी झाला होता. विकणाऱ्या कंपनीने हात वर केले. भंगारवाल्याकडे तसा एक संगणक सापडेपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हापासून कोणतेही यंत्र घेताना वेगाच्या आधी मी खाच विचारतो.

१९९९ चे नाटक नंतर पुन्हा झाले. २०१६ मध्ये 'जेन-झी' नावाच्या नव्या जोडणीमागे एचपी, डेल यांच्याबरोबर सीगेट, वेस्टर्न डिजिटल, मायक्रॉन, सॅमसंग अशा डिस्क आणि स्मृती बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. अनेक सर्व्हरांनी स्मृतीचे एकच कोठार वाटून घ्यावे ही त्यामागची कल्पना. २०१९ मध्ये इंटेल आणि इतरांनी 'सीएक्सएल' आणले. ते पीसीआय एक्स्प्रेसच्याच तारांवरून धावते, म्हणजे रूळ तेच आणि गाडी नवी. २०२१ च्या अखेरीस जेन-झीने आपली सारी मालमत्ता सीएक्सएलकडे सोपवायचे ठरवले. इकडे इन्फिनिबँडच्या चिपा बनवणारी मेलानॉक्स ही इस्रायली कंपनी २०२० मध्ये एनव्हिडियाने विकत घेतली. अनेकांनी मिळून ठरवलेले मानक, पण माल मुख्यतः एकाच दुकानात, अशी ही स्थिती.

वर्गात हे करून पाहता येईल. सोळा मुलांना चार-चारच्या रांगांत बसवा. प्रत्येकाला एक आकडा द्या, तो त्याच्या जागेचे तापमान. प्रत्येक पावलाला मुलाने पुढच्या, मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे आकडे मिळवून त्यांची सरासरी आपला नवा आकडा म्हणून लिहायची. पहिल्या वेळी सर्व चिठ्ठ्या एकाच मॉनिटरच्या हातून जाऊ द्या. शेजाऱ्यांच्या जोड्या २४, म्हणून चिठ्ठ्या ४८. एकीला पाच सेकंद लागले तरी चार मिनिटे. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी थेट अदलाबदल करायची. चार फेऱ्यांत, म्हणजे वीस सेकंदांत काम होते. तिसऱ्या वेळी एका मुलाला फक्त रोमन अंक लिहायला सांगा आणि घड्याळ लावा.