वाडीतली अंबाडी, घरची बिस्किटं

मैत्रिणींनो, कार्तिक सरत आला की आमच्या शहापुरात अंबाडी लाल होते. धानाची कापणी चाललेली असते, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि घरामागच्या वाडीत, शेताच्या धुऱ्यावर लालचुटूक बोंडं दिसायला लागतात. तुम्ही म्हणाल, अंबाडी ती काय! पाल्याची भाजी करावी, वर लसणाची सढळ फोडणी द्यावी आणि भाकरीशी खावी. लग्नानंतर दहा वर्षं मीही तेच म्हणत होते. त्या लाल बोंडांची खुसखुशीत बिस्किटं आणि वड्या होतात, हे मला कळलं ते एका फजितीतून. ती फजिती आधी सांगते, कारण कृतीमधली खरी मेख तिच्यातच आहे.

माझं माहेर नागपूरचं. येताना मी एक छोटा ओव्हन आणि केक-बिस्किटांची वही घेऊन आले. आमच्या सासूबाईंना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. मी मैद्याचे पुडे आणि टिनातली फळं आणली की त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "दुकानातला आनून खातेस, अन् वाडीतला फेकतेस का वं?" मी हसून सोडून द्यायची. त्या दरवर्षी आषाढात वाडीच्या कडेला अंबाडीची एक ओळ लावायच्या. थंडीत तिची चटणी करायच्या, सरबत करायच्या. मी ते कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी शिकवायला बसवलं नाही. सासू-सुनांचं असंच असतं, नाही का? भांडण नव्हतं, पण चुलीपाशी दोघींच्या दोन बाजू होत्या.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्या गेल्या. नंतरचं सगळं उरकता उरकता दिवाळी आली आणि गेली. माझी धाकटी नणंद पुण्याला नोकरी करते. तिचा एक दिवस फोन आला, "वहिनी, अंबाडी लाल झाली असेल ना? आईनं लावली होती." मी वाडीत जाऊन पाहिलं. बारा झाडं बोंडांनी लवून गेली होती. कोणी हातही लावला नव्हता. मला फार वाईट वाटलं. ठरवलं, हिला यातलं काहीतरी करून पाठवायचंच. पण काय करायचं?

तिकडचा रूबार्ब, इकडची अंबाडी

माझी एक वर्गमैत्रीण लग्नानंतर इंग्लंडात गेली. तिनं मला एकदा रूबार्बच्या वड्यांची कृती लिहून पाठवली होती. रूबार्ब म्हणजे थंड देशांतली एक भाजी. तिचे लाल-हिरवे जाड देठ खातात, पानं मात्र विषारी म्हणून टाकून देतात. देठ इतके आंबट, की साखर घातल्याशिवाय तोंडात धरवत नाहीत. तिकडे वसंत ऋतूत ते आले की बायका साखरेत शिजवून त्यांची बिस्किटं, वड्या, पाय असले प्रकार करतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रेवंदचिनी नावाचं मूळ मिळतं, ते याच जातीच्या झाडाचं.

रूबार्ब मला शहापुरात कुठून मिळणार? पण कृती वाचताना वाटलं, लाल, आंबट, साखरेत शिजणारं, थोडेच दिवस मिळणारं हे सगळं वर्णन आमच्या अंबाडीचंच तर आहे! नंतर वाचनातून कळलं की आपण ज्याला गावठी समजतो त्या लाल अंबाडीला जगभर केवढा मान आहे. जमैकात नाताळला तिचं लाल पेय लागतंच. इजिप्त आणि सुदानमध्ये ‘करकडे’ म्हणून पाहुण्यांपुढे ठेवतात. ऑस्ट्रेलियात तिचा जॅम करतात. आणि आंध्रातलं गोंगुऱ्याचं लोणचं तर अनेकींनी खाल्लं असेल.

एक लक्षात ठेवा. आपण अंबाडीचं ‘फूल’ म्हणतो ते खरं फूल नव्हे. खरं फूल पिवळसर असतं आणि एका दिवसात कोमेजतं. त्यानंतर बोंडाभोवतीच्या लाल पाकळ्या फुगून मांसल होतात. शाळेच्या पुस्तकात त्याला निदलपुंज म्हणतात. आपल्याला हवा तो हाच भाग. मधलं हिरवं बोंड बियांचं, ते काढून टाकायचं. आणि दोराची अंबाडी वेगळी, तिच्या पाकळ्या अशा गरदार होत नाहीत.

तर मी मोठ्या उत्साहानं पाकळ्या सोलल्या, गर शिजवला, वड्या भाजल्या, त्याच संध्याकाळी डब्यात भरल्या आणि पुण्याला रवाना केल्या. चार दिवस काही कळलं नाही. शेवटी मीच फोन केला. "छान होत्या वहिनी," ती म्हणाली, आणि विषय बदलला. संक्रांतीला घरी आली तेव्हा खरं सांगितलं. डबा उघडला तर वड्यांवर पांढरी बुरशी! "फेकताना फार जड गेलं, वहिनी. आईच्या हातची शेवटची अंबाडी होती ती."

काय चुकलं ते पुढे सांगते. आधी कृती देते, म्हणजे तुमची अंबाडी वाया जायला नको.

अंबाडीचा गर

जिन्नस : सोललेल्या लाल पाकळ्या २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, पाणी १ कप, चिमूटभर मीठ.

कृती : बोंडं आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा. पाकळ्यांत माती आणि बारीक किडे दडलेले असतात. देठाकडचा भाग सुरीनं कापून चमच्याच्या दांडीनं मागून ढकललं की हिरवं बोंड अलगद बाहेर येतं. त्याची बारीक लव हाताला टोचते, म्हणून बोटांना तेलाचा हात लावून बसा. पाकळ्या पाण्यात घालून मंद आंचेवर दहा मिनिटं शिजवा. मऊ झाल्या की घोटून साखर आणि मीठ घाला. सतत ढवळत राहा. डावानं पातेल्याच्या तळावर रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही, म्हणजे गर झाला. गार बशीवर थेंब टाकून बशी तिरपी करा, थेंब ओघळायला नको. पेक्टिन वेगळं घालायची गरज नाही, ते पाकळ्यांतच भरपूर असतं.

भांडं स्टीलचंच घ्या. आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, आणि घराघरांत सुंदर पातेली आहेत. पण आंबट पदार्थाला कल्हई नसलेलं पितळ चालत नाही. अॅल्युमिनियमही नको. दोन्हींनी चव आणि रंग बिघडतो, आणि धातू अन्नात उतरतो.

पोह्यांच्या वड्या

जिन्नस : कणीक २०० ग्रॅम, पातळ पोहे १०० ग्रॅम, किसलेला गूळ १२५ ग्रॅम, तूप १४० ग्रॅम, भाजलेली जवस २ मोठे चमचे, मीठ पाव चमचा, अंबाडीचा गर १ कप.

कृती : पोहे कोरडेच भाजून हातानं भरड चुरा. त्यांत कणीक, जवस, मीठ आणि गूळ मिसळा. तूप पातळ करून घाला आणि हातानं चोळा. मुठीत दाबलं तर मुटका व्हावा, सोडलं तर मोडावा. आठ इंची थाळीला तुपाचा हात लावून यातलं दोन तृतीयांश मिश्रण घट्ट दाबून बसवा. त्यावर गर पसरा. उरलेलं मिश्रण वरून भुरभुरा आणि हलकेच दाबा. १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं, वरचा थर बदामी होईपर्यंत भाजा. थाळी पूर्ण गार झाल्यावरच वड्या कापा. गरम असताना कापायला गेलात तर नुसता भुगा हाती येईल. मुलांना धीर नसतो, म्हणून थाळी उंचावर ठेवा!

खळीची बिस्किटं

जिन्नस : घट्ट तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, तांदळाची पिठी ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, थोडी वेलचीपूड, लागेल तसं १-२ चमचे दूध, अंबाडीचा गर.

कृती : तूप आणि पिठीसाखर पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा. त्यात मैदा, पिठी, मीठ, वेलची घालून गोळा करा. मळू नका, नुसतं एकत्र आणा. आपल्या भागात तांदूळ भरपूर, आणि या पिठीनंच बिस्किटाला खुसखुशीतपणा येतो. लिंबाएवढे गोळे करा, चपटे करून मध्ये अंगठ्यानं खळी पाडा, खळीत अर्धा चमचा गर भरा. १८० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. कडा किंचित सोनेरी झाल्या की बाहेर काढा. गरम असताना ती मऊच लागतात, गार झाली की खुसखुशीत होतात.

ओव्हन नसेल तर अडून बसू नका. जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये वाटीभर मीठ पसरा, त्यावर कडं ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवा. कुकर असेल तर शिटी आणि रबराची रिंग आधी काढून ठेवा. मग ताटली आत ठेवून मंद आंचेवर २० ते २५ मिनिटं भाजा. पाणी घालायचं नाही.

सोडा मात्र मुळीच नको. अंबाडीचा लाल रंग आम्लात खुलतो आणि खाराशी गाठ पडली की निळसर-करडा होतो. मी एकदा सवयीनं चिमूटभर घातला तर गराच्या कडेनं राखेसारखी रेघ उमटली. चवीला बरी होती, पण कोणी हात लावेना.

बुरशी का आली?

आता त्या फजितीकडे वळू. माझ्या दोन चुका झाल्या होत्या. एक, मी वड्या कोमट असतानाच डबा बंद केला. आतल्या वाफेचं पाणी झालं आणि ते वड्यांवरच बसलं. दुसरी, मुळात ओला गर घातलेला पदार्थ प्रवासाचा नव्हेच. अशा वड्या थंडीत बाहेर दोन-तीन दिवस, फ्रीजमध्ये आठवडाभर. घरच्यांसाठी, भिशीसाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्या उत्तम. लांब पाठवायचं तर कोरडं हवं.

ती वाट मला सासूबाईंनीच दाखवली. नणंद संक्रांतीला आली होती तेव्हा आम्ही दोघी माळ्यावरचं सामान आवरत होतो. एका डब्यात जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेल्या दोन पुरचुंड्या निघाल्या. एकीत आदल्या वर्षीच्या वाळवलेल्या पाकळ्या, काळपट लाल, पापडासारख्या कडक. दुसरीत कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्यात ठेवलेलं बी. नणंद कितीतरी वेळ ते धडपं हातात घेऊन बसली होती.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून बिस्किटं केली. वाळलेल्या पाकळ्या कात्रीनं बारीक कातरल्या आणि दोन मोठे चमचे चुरा वरच्या बिस्किटांच्या गोळ्यातच मिसळला. गर नाही, खळी नाही. चपटी थापून जरा जास्त, २० मिनिटं भाजली. रात्रभर गार केली आणि सकाळी कोरड्या डब्यात कागद घालून भरली. मधूनच दाताखाली आंबट तुकडा येतो, तेव्हा तोंड कसं जागं होतं! नणंदेनं पुण्याला नेलेला तो डबा दोन आठवडे पुरला, आणि शेवटचं बिस्किटही कुरकुरीत होतं.

पाकळ्या वाळवणं अगदी सोपं. धुऊन, सोलून, स्वच्छ कापडावर एकेरी पसरा. वरून पातळ पंचा घाला. थंडीच्या उन्हात चार-पाच दिवसांत मोडल्यावर कट्कन तुटण्याइतक्या कडक होतात. हवाबंद बरणीत वर्षभर टिकतात.

थोडं जपून

अंबाडीत ऑक्झॅलिक आम्ल असतं. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर बेतानंच द्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. मधुमेह असणाऱ्यांनी ‘आंबट आहे, चालेल’ असं समजू नये, साखर यात बरोबरीनं आहे.

मी इथल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या वर्षी वर्गात ही बिस्किटं नेली. मुलींनी विचारलं, "मॅडम, यात कोणतं फळ आहे?" कुणी चेरी म्हणालं, कुणी स्ट्रॉबेरी. एक मुलगी डब्यात बहुतेक रोज अंबाडीची चटणी आणते आणि झाकण अर्धवट लावून खाते. तिनं तुकडा जिभेवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या धुऱ्यावरचं आहे." त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातली चटणी तिला पुरली नाही, सगळ्यांनी मागून खाल्ली.

तेव्हा मैत्रिणींनो, या थंडीत अंबाडी दिसली की पावशेर तरी घरी आणा. वाडी असेल, परसात वाफा असेल, तर एक आणखी करा. सगळी बोंडं खुडू नका. सगळ्यांत चांगल्या झाडावरची चार-पाच तशीच राहू द्या. ती वाळून तपकिरी झाली, तडकायला आली, की काढून बी झाडा, कडुनिंबाच्या पाल्यात बांधून ठेवा. पाऊस लागला की पेरा.

त्या पुरचुंडीतलं बी आम्ही आषाढात लावलं. थोडं नणंदेनं पुण्याला नेलं, तिच्या गच्चीवर दोन कुंड्यांत आलंय. सासूबाईंची शेवटची अंबाडी ती नव्हतीच. शेवटची करायची की नाही, हे आता आमच्या दोघींच्या हातात आहे.