दुसरी प्रणाली काढताना

एकाच संगणकावर विंडोज व उबुंटू या दोन्ही प्रणाली असतील आणि उबुंटू काढावयाची असेल, तर घाई करू नये. प्रारंभी प्रणाली निवडू देणारा ‘ग्रब’ हा द्वारपाल आपली बरीचशी सामग्री उबुंटूच्याच विभागात ठेवतो. तो विभाग आधी पुसल्यास विंडोज शाबूत असूनही दार उघडत नाही.

म्हणून प्रथम आपल्या लेखनाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नंतर यूईएफआयच्या मांडणीत विंडोज बूट मॅनेजरला पहिले स्थान देऊन विंडोज सुरू होते, याची खात्री करावी. मगच डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकारमान पडताळून उबुंटूचा विभाग काढावा. ईएफआय विभागास हात लावू नये. विंडोजचा प्रारंभही तेथूनच होतो. मोकळी जागा ‘सी’ विभागाच्या लगेच उजवीकडे असेल, तरच ती येथून त्यास जोडता येते.

जागा उद्याही मिळेल. पुसलेली टिपणे मिळतीलच असे नाही.